भाऊजी आणि पुढच्या खोलीचा रंग

बालाघाट शहरात ज्या भिंतीला माझ्या भाऊजींनी हात लावून पाहिलेला नाही, ती भिंत एक तर परवाच उभी राहिलेली असावी, नाहीतर तिच्यासमोर चावरं कुत्रं बांधलेलं असावं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्म वजनमापे खात्यात गेला. परसवाड्याच्या बाजारात ते उतरले की दुकानदार तराजूच्या पारड्याखालचा चिंचेचा गोळा आधी काढून ठेवत आणि मग नमस्कार करत, असं सांगतात. निवृत्तीनंतर तराजू सुटले, पण दुसऱ्याची चूक हुडकायची सवय काही सुटली नाही. ती तराजूवरून उठली आणि भिंतीवर जाऊन बसली. कोणाच्याही घरी गेले की चप्पल काढल्यावर भाऊजींचा उजवा तळवा आधी भिंतीवर टेकतो, मग ते यजमानांकडे वळतात. "सीलन हाय, ओल धरली," नाहीतर "पुट्टी वाळू नाही देल्ली," नाहीतर "पाणी जास्त टाकलं रंगात," यांपैकी एक निदान झाल्याशिवाय त्यांना पाण्याचा पेला गोड लागत नाही.

या तळव्यापायी एकदा मोठा घोटाळा झाला. ताईच्या ओळखीतले एक म्हातारे वारले म्हणून आम्ही तिघं भेटायला गेलो होतो. बैठकीत सगळे खाली मान घालून बसलेले. भाऊजी मात्र दारापाशी भिंतीला तळवा टेकून, डोळे मिटून उभे राहिले ते राहिलेच. घरातल्या सुनेला ते पाहून भडभडून आलं. ती सासूला म्हणाली, "साहेबायले किती दुःख झालं पाहा." मलाही क्षणभर वाटलं, आपण या माणसाला ओळखलंच नाही. तेवढ्यात भाऊजी माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "वरची टाकी झिरपून राह्यली. तेरवी झाली की सांगतो." आणि खरोखरच तेरवी होताच ते नळवाल्याला घेऊन त्या घरी हजर झाले. गळका पाइप सापडला. त्या घरात आजही भाऊजींचं नाव फार आदरानं घेतात, पण म्हाताऱ्यांच्या आठवणीत रडलेले साहेब म्हणूनच.

सहलीला नेलं तरी तेच. हट्ट्याची बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, पाहायला आम्ही गेलो, तेव्हा सगळे कमानी पाहत होते, फोटो काढत होते. भाऊजी दगडाचे सांधे चाचपत खाली उतरले आणि पाण्याजवळून ओरडून म्हणाले, "एवढ्या ओलीत उभी हाय, अन् अजून मजबूत हाय! यायनं रंगच नाही लावला. शहाणे लोक होते!" तिरोडीला, खाणींच्या गावी, आमच्या मावसभावानं मुलीच्या साखरपुड्यासाठी घाईघाईनं घर रंगवलं, तेव्हा भाऊजींनी आठवडाभर आधी फोनवर बजावलं होतं, "खदानीची धूळ बसलेली असते भिंतीवर. आधी धू, वाळव, मंग रंगव. धुळीवर रंग लावशीन तं तो धुळीलेच चिकटन, भिंतीले नाही." मावसभावाला वेळ नव्हता. साखरपुड्याच्या दिवशी जो जो पाहुणा भिंतीला टेकून बसला, तो पाठीवर पोपटी रंग घेऊन उठला. व्याह्यांच्या पांढऱ्या शर्टावर तर दोन खांद्यांचे ठसे अगदी स्वच्छ उमटले होते. जेवणाच्या पंगतीत भाऊजी दोन वाट्या रस्सा जास्त जेवले.

आता ज्या माणसाला रंगकामातल्या इतक्या चुका ठाऊक, त्याचं स्वतःचं घर कसं असेल? त्यांचं घर रंगवलेलंच नव्हतं. निवृत्तीच्या सुमारास भाऊजींनी वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे घर बांधलं, छान प्लास्टर केलं, आणि ताईला सांगितलं, "प्लास्टर पुरतं वाळू दे." ताईनं जन्मभर सरकारी क्वार्टरांत संसार केलेला. तिथल्या भिंतींना खातं देईल तो रंग, आणि तोही खात्याच्या मनात येईल तेव्हा. आपल्या घराला आपल्या मनाचा रंग, एवढीच तिची हौस होती. पण प्लास्टर वाळता वाळता पावसाळा लागला. पावसाळ्यात रंग लावणं म्हणजे भाऊजींच्या लेखी गुन्हा. पावसाळ्यानंतर भिंतीनं प्यालेलं पाणी बाहेर पडायला हवं म्हणून हिवाळा गेला. उन्हाळ्यात रंग लावता लावताच वाळतो, रोलरचे पट्टे दिसतात, म्हणून तोही गेला. मग पुन्हा पावसाळा. अशी काही वर्षं गेली. राखाडी सिमेंटच्या घरात राहून ताई कंटाळली. "लोकं इचारतात, बांधकाम चालूच हाय का म्हणून. काय सांगू?" ती मला म्हणायची. मी याच गावात शाळेत शिकवते, माझं घर तिच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर, त्यामुळे तक्रारी माझ्याकडे ताज्या ताज्या येत. रंगाच्या दुकानदारानं तर एकदा भाऊजींना हात जोडले. "साहब, प्लास्टर महीने भर में सूख जाता है. आपका तो अब बूढ़ा हो रहा है."

भाऊजी ढळले नाहीत. त्यांनी भिंतीवर ठिकठिकाणी प्लास्टिकचे चौकोनी तुकडे चारी बाजूंनी टेप लावून चिकटवले. भिंतीत ओल असली तर प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब जमतात, ही त्यांची परीक्षा. शेजारच्या वहिनींना वाटलं हा वास्तूचा काही उपाय आहे. त्यांनीही आपल्या दारावर एक तुकडा चिकटवला आणि त्याला रोज कुंकू लावू लागल्या. त्यांच्या मुलाला त्याच महिन्यात नोकरी लागली, त्यामुळे भाऊजींनी खरं कारण सांगूनही त्यांनी तो काढला नाही.

शेवटी एका कोरड्या हिवाळ्यात सगळे तुकडे आतून कोरडे निघाले आणि भाऊजींनी घोषणा केली, की आता पुढची खोली रंगवायची. पण रंग कागदावर पाहून ठरवायचा नाही. "कार्डावरचा रंग इवलासा असते. तोच पुऱ्या भिंतीवर चढला की अंगावर येते," असं म्हणून त्यांनी सात-आठ रंगांचे लहान लहान डबे आणले आणि पुढच्या खोलीच्या भिंतीवर हातहातभर ठिगळं लावली. ताईला खिडकीजवळच्या तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसवलं. सकाळी विचारलं, दुपारच्या उन्हात विचारलं, संध्याकाळी ट्यूबलाइट लावून विचारलं. ताई तांदूळ निवडता निवडता प्रत्येक वेळी एकाच ठिगळाकडे बोट करायची. "हा. हाच पायजे. कसा शांत हाय. दिवेलागणीच्या वेळेवानी."

ते ठिगळ पाहून मी ताईकडे पाहिलं आणि मग भाऊजींकडे. तो रंग जांभळा होता. वांग्याच्या फुलाचा जांभळा म्हणावा तर फूल बिचारं नाजूक असतं. हे ठिगळ दारातून आत येणाऱ्याच्या अंगावर धावून यायचं. त्यांच्या मुलीनं रायपूरहून फोनवर पाहिलं आणि ती किंचाळलीच, "मम्मी, ये क्या है? आँखें दुख रही हैं मेरी!" ताई हसली. "तुमच्या फोनात तसा दिसत असन. इथं येऊन पाय." मला वाटलं, आता भाऊजी बोलतील. दुसऱ्याच्या घरच्या फिक्या गुलाबीवर अर्धा तास बोलणारा माणूस स्वतःच्या घरच्या या जांभळ्यावर काय काय बोलेल! पण भाऊजींनी फक्त ठिगळावर पेन्सिलीनं बरोबरची खूण केली आणि दुकानाकडे निघून गेले.

रंगारी त्यांनी लावला नाहीच. "रंगारी भिंतीचा नसते, रोजीचा असते," म्हणाले. स्वतः लुंगी गुंडाळून लाकडी शिडीच्या घोडीवर चढले. मदतीला मी, रविवारपुरती. त्या रविवारांनी मला जे शिकवलं, त्यावर मी आता कोणाचंही घर रंगवून देऊ शकते. स्विचबोर्डाच्या पाट्या उतरवायच्या, त्यांच्याभोवती रंगवत बसायचं नाही. फरशीवर जुन्या चादरी घालायच्या, वर्तमानपत्र नाही, ते पायाला चिकटून घरभर फिरतं. रेगमालानं, म्हणजे पॉलिशपेपरनं, घासल्यावर ओल्या फडक्यानं भिंत पुसून घ्यायची. नवा रोलर आधी धुवायचा, नाहीतर त्याचे केस भिंतीला उगवतात. आधी छत, मग भिंत. एक जाड हात लावण्यापेक्षा दोन पातळ हात लावायचे, आणि पहिला पुरता वाळल्याशिवाय दुसऱ्याचं नाव काढायचं नाही. रंगाचे सगळे डबे भाऊजींनी एका मोठ्या बालटीत ओतून एकजीव केले. "दोन डब्यातला रंग कधी सारखा नसते. मधीच डबा बदलला तं भिंतीवर लकेर येते, मंग जन्मभर ते पाहात बसा." कडेला लावलेली टेप रंग अर्धवट ओला असतानाच ओढायची, हेही त्यांनीच सांगितलं. मी एकदा विसरले आणि वाळल्यावर ओढली, तर टेपसोबत रंगाचा पापुद्रा निघून आला. भाऊजी घोडीवरून माझ्याकडे नुसतं पाहत राहिले. परसवाड्याच्या व्यापाऱ्यांना कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे एक भिंत सुरू केली की ती संपवूनच खाली उतरायचं. मध्ये थांबलं की कड वाळते आणि जोड दिसतो. ते मधली भिंत अर्धी करून बसले असताना दारावर त्यांचे जुने साहेब आले, कित्येक वर्षांनी. ताई मंदिरात गेली होती, दार आतून बंद, आणि माझ्या दोन्ही हातांत बालटी. साहेबांनी कडी वाजवली. भाऊजी घोडीवरून ओरडले, "रुकिए! कड ओली हाय!" साहेबांना मराठी जेमतेम. आत कोणीतरी 'कडओली' नावाचं आजारी आहे, म्हणूनच थांबायला सांगतात, असं समजून ते बिचारे बाहेर पायरीवर चिंतेत बसून राहिले. भिंत संपल्यावर भाऊजींनी दार उघडलं. त्यांच्या भुवया जांभळ्या, कान जांभळे. साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं, "अब कैसी तबीयत है?"

"बढ़िया सूख रही है," भाऊजी म्हणाले.

खोली तयार झाली. कामात एक चूक नव्हती. कडा सरळ, छताची रेघ दोरीसारखी, कुठे पट्टा नाही, कुठे थेंब नाही. आणि अशा त्या निर्दोष खोलीत बसवत नव्हतं. रस्त्यानं जाणारे लोक खिडकीपाशी पाऊल हळू करत. मी धीर करून एकदा म्हटलं, "भाऊजी, जरासा भडक नाही वाटत?" भाऊजींनी चहाची बशी खाली ठेवली. "तिले आवडला," एवढंच म्हणाले आणि बशी पुन्हा उचलली. ताई मात्र त्या खोलीत तृप्त होती. दुपारची तिथेच पडायची. "डोळ्याले गार वाटते," म्हणायची.

डोळ्याचं खरं प्रकरण पुढे उन्हाळ्यात उघड झालं. ताई बसच्या पाट्या चुकीच्या वाचू लागली. एकदा भर दुपारी मला दारात पाहून "कोण हाय?" म्हणाली. चष्मा बदलायचा असेल म्हणून दवाखान्यात नेलं, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही चांगला पिकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी एक डोळा करू, मग काही आठवड्यांनी दुसरा. उजवा डोळा झाला. काळा चष्मा लावून ताई घरी आली आणि सांगितल्याप्रमाणे मागच्या अंधाऱ्या खोलीत विश्रांती घेत राहिली. काही दिवसांनी काळा चष्मा उतरवायची परवानगी मिळाली. मी तेव्हा तिथेच होते. ताई आधी स्वयंपाकघरात गेली आणि स्टीलचे डबे पाहून खुश झाली. म्हणाली, "कसे चमकून राह्यले! कोणी घासले?" मग पदर सावरत पुढच्या खोलीत आली आणि उंबरठ्यावरच थांबली.

"अगं माय! हे काय करून ठेवलं? कोणी लावला हा रंग?"

भाऊजी पेपर वाचत होते. ते उठून उभे राहिले. "कोणी म्हणजे? मीच तं लावला."

"पण मी सांगितला तो कुठी हाय? हा तं बँडवाल्याच्या कोटावानी दिसते!"

"तूच निवडला. तीन तीन वेळा इचारलं तुले."

"मी असा रंग निवडीन? मले का येड लागलं?"

भाऊजींचा चेहरा उतरला. त्यांचा स्वतःच्या कामावरचा विश्वास एवढा, की रंगच बदलला असावा असं त्यांना वाटलं. ते धावत मागे गेले, उरलेल्या रंगाची बालटी घेऊन आले, भिंतीवर कोपऱ्यात एक बोट ओढलं, वाळेपर्यंत फुंकर घालत उभे राहिले आणि म्हणाले, "तोच हाय. रत्तीभर फरक नाही." ताई रुसून खुर्चीत बसली. औषध टाकायची वेळ झाली होती. मी बाटली घेऊन आले. थेंब टाकला, आणि ती उजवा डोळा घट्ट मिटून, मान मागे टाकून तशीच राहिली. थोड्या वेळानं डावा डोळा उघडून तिनं समोर पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अरे, हा तं माहाच रंग."

मग तिनं डावा मिटून उजवा उघडला. पुन्हा उजवा मिटून डावा. असं तिनं कितीदा तरी केलं. आम्ही दोघं तिच्याकडे पाहत उभे. डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं, की मोतीबिंदू पिकला की माणूस पिवळट धुरकट काचेतून पाहिल्यासारखं पाहतो, आणि ते इतकं हळूहळू होतं की त्याला पत्ताच लागत नाही. त्या काचेतून तो जांभळा विझलेला, शांत दिसायचा. पण त्या दिवशी हे सांगायला कोणी नव्हतं. ताईचं तिनंच ओळखलं. तिनं दोन्ही डोळे उघडले आणि भाऊजींना विचारलं, "तुमाले हा असाच दिसत होता? पयल्या दिवसापासून?"

"हौ."

"मंग बोलले काहून नाही?"

भाऊजी बालटीच्या कडीशी चाळा करत होते. "तू म्हणली, शांत वाटते. तुले शांत वाटत होतं, तं मी काय बोलू?"

गावातल्या एकाही भिंतीची गय न करणारा हा माणूस रोज सकाळ-संध्याकाळ त्या रंगासमोर बसून चहा पीत होता, पाहुण्यांची थट्टा ऐकून घेत होता, हे आमच्या दोघींच्याही तेव्हाच नीट ध्यानात आलं.

पुढचे काही दिवस भाऊजींचं जेवण कमी झालं. मी खोदून विचारलं तेव्हा अंगणातल्या नळाशी हात धुता धुता म्हणाले, "मी सगळं तपासलं. ओल पाह्यली, ऊन पाह्यलं, ट्यूबलाइटसुद्धा पाह्यली. समोर बसलेल्या माणसाले दिसून राह्यलं का नाही, हे नाही पाह्यलं. सुई ओवून दे म्हणे तं मी ओवून द्यायचो. वाटे, वय झालं." मी म्हटलं, भाऊजी, आम्हाला तरी कुठे कळलं. "तुमी दुसऱ्या घरी राहता," ते म्हणाले. "मी इथंच होतो." नळ त्यांनी बंद केला, तरी ते हात चोळतच राहिले.

दुसरा डोळा झाला. डॉक्टरीणबाईंनी धुळीपासून जपायला सांगितलं होतं, म्हणून ताई माझ्याकडे राहायला आली आणि तिकडे भाऊजी पुन्हा घोडीवर चढले. त्याआधी त्यांनी ताईला विचारलं होतं, आता कोणता? पुन्हा ठिगळं लावायचीही तयारी होती. ताई म्हणाली, "पांढरा लावा." भाऊजींना वाटलं ती रागानं म्हणते आहे. ती म्हणाली, "नाही हो, खरंच. बहिणीच्या घरचा धुतलेला टॉवेल पाह्यला काल. पांढरा इतका पांढरा असते, हे मी विसरूनच गेली होती." भडक रंगावर पांढरा चढवणं सोपं नसतं. खालचा रंग वर डोकावतो. भाऊजींनी प्राइमरचा आडवा हात दिला, मग उभा दिला, आणि मग पांढऱ्याचे हात. या वेळी मला बोलावलं नाही. काम किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही. पण रोज संध्याकाळी ते माझ्या घरी ताईला पाहायला यायचे, तेव्हा पायऱ्या चढताना कठड्याला धरायचे.

खोली वाळल्यावर मी ताईला घरी पोचवायला गेले. सकाळची वेळ होती, खिडकीतून ऊन आत आलेलं. ताई आपल्या खुर्चीत बसली. भाऊजी अवघडून भिंतीशी उभे होते, निकालाची वाट पाहणाऱ्या पोरासारखे. ताईनं छत पाहिलं, कडा पाहिल्या, "छान झालं," म्हणाली. मग तिची नजर भाऊजींवर आली आणि तिथेच थांबली. "कोपऱ्यात काही राह्यलं का?" त्यांनी विचारलं.

"तुमी किती बारीक झाले," ताई म्हणाली. "गळ्याची हाडं दिसून राह्यली. केव्हापासून हो?"

"झालो असन. बरेच दिवस झाले असन." भाऊजींनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि खिडकीकडे वळले. "ऊन लय येऊन राह्यलं इथं. डोळ्याले लागन तुह्या. पडदा ओढू का?"

"नोको," ताई म्हणाली. "राहू द्या. अन् इकडं तोंड करा जरा."

मी चहा ठेवायला आत गेले. आधण आलं, उतू गेलं, मी गॅस बंद केला. डोकावून पाहिलं, तर भाऊजी तिच्याकडे तोंड करून, हात मागे बांधून, उन्हात मुकाट उभे होते, आणि ताई पाहत होती.